फ्रीमन शाळा
फ्रीमन शाळा : अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील एक जुनी एकखोली ग्रामीण शाळा. गेज काउंटीत बिॲट्रिस शहराच्या पश्चिमेस काही किलोमीटरांवर, प्रेअरीच्या गवताळ प्रदेशात ती उभी आहे. 1872 मध्ये बांधलेल्या या विटांच्या इमारतीत 1967 पर्यंत वर्ग भरत होते. इतका दीर्घ काळ सलग चाललेली दुसरी एकखोली शाळा नेब्रास्कात नाही, असे मानले जाते.

शाळेची पाळेमुळे 1862 च्या होमस्टेड कायद्यात आहेत. पाच वर्षे वस्ती करून जमीन कसणाऱ्यास या कायद्याने 160 एकर जमीन मिळे. 1 जानेवारी 1863 रोजी, म्हणजे कायदा अमलात आला त्याच दिवशी, डॅनियल फ्रीमन याने या परिसरातील जमिनीवर दावा नोंदवला. तो देशातील पहिल्या दाव्यांपैकी एक होता. ही भूमी मात्र रिकामी नव्हती. येथील मूळ रहिवासी असलेल्या ओटो-मिझुरिया लोकांनी 1854 च्या करारान्वये आपला बहुतेक प्रदेश सोडला होता, तरी बिग ब्लू नदीकाठचे त्यांचे राखीव क्षेत्र याच काउंटीच्या दक्षिण भागात पसरले होते. 1881 मध्ये त्यांना तेथूनही हलवण्यात आले. वसाहतकऱ्यांची मुले या शाळेत अक्षरे गिरवत होती, त्याच वर्षांत हे विस्थापन घडत होते. शाळेचा इतिहास सांगताना ते वगळणे योग्य नाही.

सरकारी मोजणीत सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशा प्रत्येक टाउनशिपचे 36 भाग पाडले जात. नेब्रास्कात त्यांपैकी 16 वा व 36 वा भाग शाळांसाठी राखलेला होता. इमारत, सरपण, शिक्षकाची नेमणूक आणि पगार हे सारे स्थानिक शेतकऱ्यांनी निवडलेले शाळा मंडळ पाही. फ्रीमन शाळेआधी येथे ओंडक्यांची शाळा होती. तिच्या जागी विटांच्या जाड भिंतींची ही इमारत आली. प्रेअरीवर लाकूड दुर्मिळ असल्यामुळे अनेक ठिकाणी मातीच्या ढेपांच्याच शाळा उभ्या राहत. त्या मानाने ही वास्तू मोठ्या निश्चयाची म्हणावी लागेल. शाळेचे नाव डॅनियल फ्रीमनवरून पडले की विटा पुरवणाऱ्या टॉमस फ्रीमनवरून, याबाबत मतभेद आहेत.

अशा शाळांत पहिलीपासून आठवीपर्यंतची मुले एकत्र बसत. एक वर्ग पुढच्या बाकावर येऊन धडा म्हणून दाखवी, तोवर बाकीचे पाटीवर गणिते सोडवत. धाकट्यांना शिकवण्याचे काम बरेचदा थोरल्या मुलांकडे असे. शिक्षिका बहुधा तरुण आणि अविवाहित असत; सकाळी शेगडी पेटवण्यापासून झाडलोटीपर्यंतची कामे त्यांच्याकडेच असत. शेतीच्या हंगामात मोठी मुले शेतावर लागत, म्हणून ती मुख्यतः हिवाळ्यात शाळेत येत. फ्रीमन शाळेच्या खोलीत मतदान, प्रार्थनासभा व गावजेवणेही होत. पांगलेल्या शेतघरांना एकत्र येण्यासाठी दुसरी जागाच नव्हती.

12 जानेवारी 1888 च्या हिमवादळाने या शाळांचे एकाकीपण उघडे पाडले. मैदानी प्रदेशात सुमारे 235 माणसे दगावली, त्यांत शाळेतून घरी निघालेली अनेक मुले होती. मिरा व्हॅली येथील मिनी फ्रीमन या तरुण शिक्षिकेने (फ्रीमन शाळेशी तिचा संबंध नव्हता) छप्पर उडालेल्या शाळेतून आपल्या विद्यार्थ्यांना सुखरूप बाहेर काढले.

फ्रीमन शाळेचे खरे ऐतिहासिक महत्त्व मात्र एका खटल्यात आहे. 1899 मध्ये शिक्षिका इडिथ बीचर वर्गात बायबलवाचन, प्रार्थना आणि स्तोत्रगायन घेत असल्याबद्दल डॅनियल फ्रीमनने आक्षेप घेतला. मंडळाने शिक्षिकेची बाजू घेतली आणि कनिष्ठ न्यायालयात फ्रीमन हरला. 1902 मध्ये नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवून असे धार्मिक उपक्रम नेब्रास्का राज्याच्या घटनेविरुद्ध ठरवले. पुढच्याच वर्षी, फेरसुनावणीनंतर, न्यायालयाने खुलासा केला की बायबलचा वापर मुळातच निषिद्ध नाही. तो पंथीय शिकवणीसाठी होतो की नाही, हे प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थितीवरून ठरेल. शाळा आणि धर्म यांच्या संबंधांवर अमेरिकेच्या संघीय सर्वोच्च न्यायालयाचे प्रसिद्ध निकाल यानंतर अनेक दशकांनी आले, हे ध्यानात घेतल्यास एका शेतकऱ्याच्या हट्टाचे मोल कळते.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत अशा सुमारे 2 लाख शाळा होत्या. चांगले रस्ते, शाळेच्या बसगाड्या आणि ओस पडत चाललेली शेतघरे यांमुळे त्या शहरांतल्या मोठ्या शाळांत विलीन होत गेल्या. फ्रीमन शाळा बंद पडल्यावर ती राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आली. आज ती होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा भाग असून तिला एकोणिसाव्या शतकातले रूप परत देण्यात आले आहे. नेब्रास्कातील उरलेसुरले केवळ प्राथमिक वर्गांचे शाळा-जिल्हे (शाळा चालवणारे स्थानिक प्रशासकीय घटक) 2005 च्या कायद्याने बरखास्त करण्याचे ठरले. नोव्हेंबर 2006 मध्ये मतदारांनी तो कायदा रद्द केला, पण तोपर्यंत जिल्हे बरखास्त झाले होते.