जुन्या पीसीत रॅम घालण्याआधी चिपा मोजा

कोअर टू ड्युओ प्रोसेसर आणि जी-४१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे प्रोसेसर, रॅम आणि बाकीचे भाग जोडणाऱ्या चिपांचा संच) मदरबोर्ड ही जोडी अजून बऱ्याच घरांत आणि दुकानांच्या बिलिंग काउंटरवर तग धरून आहे. रॅम २ जीबी असेल तर ब्राउझरचे चार टॅब उघडताच यंत्र धापा टाकतं. मग रॅम वाढवायचं ठरतं. ४ जीबीची डीडीआर३ (रॅमची एक पिढी) स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, येते, लावली जाते, आणि स्क्रीन काळीच राहते. कधी ४ ऐवजी २ जीबीच दिसतात. तीच स्टिक दुकानदाराच्या यंत्रात मात्र ठणठणीत चालते!

इथे खराब काहीच नसतं. रॅमच्या चिपमध्ये एकेका बिटासाठी एक इवलासा कपॅसिटर आणि त्याला जोडलेला एक ट्रान्झिस्टर असतो. या रचनेचं पेटंट आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली मिळालं. कपॅसिटरमधला विद्युतभार सतत गळतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो. हे बिट आडव्या-उभ्या रांगांत मांडलेले असतात, आणि कुठली रांग हवी ते मेमरी कंट्रोलर (चिपसेटमधला रॅम सांभाळणारा भाग) पत्त्याच्या तारांवरून कळवतो. १५ तारांनी ३२,७६८ आडव्या रांगा गाठता येतात. नेहमीच्या २ गिगाबिटच्या चिपला (८ गिगाबिट म्हणजे १ जीबी) तेवढ्या पुरतात. ४ गिगाबिटच्या चिपमध्ये रांगा दुप्पट, म्हणजे सोळावी तार हवी. जी-४१ चा कंट्रोलर २ गिगाबिटपर्यंतच्याच चिपा हाताळतो.

म्हणून स्टिक हातात घेऊन उलटीपालटी करून बघा. दोन्ही बाजूंना आठ-आठ, अशा सोळा चिपा असतील तर प्रत्येक चिप २ गिगाबिटची. ही चालण्याची शक्यता चांगली. एकाच बाजूला आठ चिपा असलेली ४ जीबीची स्टिक दिसायला सुटसुटीत असली तरी या बोर्डासाठी घेऊ नका. आणि ८ जीबीची एकच स्टिक तर नकोच, तिच्या सोळा चिपा ४-४ गिगाबिटच्या असतात. शिवाय सगळे स्लॉट मिळून या चिपसेटची एकूण मर्यादाच ८ जीबी आहे.

स्वस्तात मिळणाऱ्या ‘फक्त एएमडीसाठी’ छापाच्या स्टिकचं दुखणं याच जातीचं. त्यांतल्या चिपांची जुळणी इंटेलच्या घरगुती बोर्डांतले कंट्रोलर ओळखत नाहीत. सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड (पत्ते आणि आज्ञांसाठी मध्ये वेगळी चिप असलेली) रॅमही साध्या पीसीत चालत नाही.

मेगाहर्ट्झसाठी जादा पैसे मोजू नका. १६०० ची स्टिक इथे सहसा १०६६ नेच धावेल. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या आय३, आय५ यंत्रांतही वेगाचा आकडा फसवा असतो: १३३३ सीएल९ ला (सीएल म्हणजे प्रतिसादाआधी जाणारी घड्याळाची चक्रं) पहिला प्रतिसाद द्यायला १३.५ नॅनोसेकंद लागतात, १६०० सीएल११ ला १३.७५! एकाच्या जागी दोन सारख्या स्टिक लावून ड्युअल चॅनेल (दोन्ही स्टिकशी एकाच वेळी देवाणघेवाण) चालू करणं त्याहून फायद्याचं, विशेषतः वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तेव्हा.

विंडोज ३२-बिट असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम पडून राहते, तेव्हा आधी तेही तपासा.

काही जी-४१ बोर्डांवर डीडीआर२ चे स्लॉट असतात. पिना २४० च, पण खाच वेगळ्या जागी, त्यामुळे डीडीआर३ त्यात बसतच नाही. डीडीआर२ ची ४ जीबीची स्टिक शोधून सापडत नाही, सापडली तर भाव ऐकवत नाही. तिथे मी २-२ जीबीच्या दोन जुन्या स्टिक लावून थांबेन आणि उरलेले पैसे एसएसडीत (हार्ड डिस्कऐवजी लावायच्या वेगवान डिस्कमध्ये) घालेन.