प्रावरणावर चार दिवस

भाचीच्या सायन्स एक्झिबिशनसाठी थर्माकोलची अर्धी कापलेली पृथ्वी बनतेय, परवा बघतो तर प्रावरणाला, म्हणजे कवचाखालच्या जाड थराला, भडक केशरी रंग. का, तर "मामा, तिथे लाव्हा असतो ना!" भल्याभल्यांना असंच वाटतं, की कवचाखाली लाव्हाचा समुद्र आहे. मी आतून एक दगड आणून तिच्या हातात दिला, म्हटलं हे घे प्रावरण, मी यावरून चार दिवस चालून आलोय.

जानेवारीत आम्ही ठाण्याचे चौघं ओमानला गेलो होतो, एक मित्र मस्कतला असतो म्हणून. तिथल्या हजर पर्वतात शेकडो किलोमीटर पसरलेला जुना समुद्रतळ उघडा पडलाय, सुमारे 9.6 कोटी वर्षांपूर्वीचा. एरवी असा तळ खंडाखाली घुसतो, हा उलट अरबस्तानच्या काठावर चढून बसला आणि येताना खालचं प्रावरणही घेऊन आला. रशियात कोलाला 12,262 मीटर भोक पाडलं तरी प्रावरण लागलं नव्हतं, इथे आम्ही त्यावर मॅट टाकून झोपलो.

ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरातल्या हिरवाईची सवय असलेल्याला मात्र हे डोंगर बघून कसंतरीच होतं. झाडं जवळपास नाहीत, वाट नाही, तपकिरी घसारा, आणि पाणी सगळं पाठीवर. प्रावरण घनच असतं, त्यातला थोडासा भाग वितळून वर येतो तो बेसॉल्ट. म्हणजे येऊर, पारसिकचा काळा कातळ हा रस, आणि ओमानचे हे डोंगर तसल्याच एका रसाचं मागे उरलेलं चिपाड.

आता माझी आवडती गोष्ट. तो दगड बाहेरून गंजलेला, फोडला की आत काळपट हिरवा, पांढऱ्या शिरांचा, आणि एका बाजूला सापाच्या कातडीसारखा तुळतुळीत. मूळ खनिज ऑलिव्हिन, खोलवरच्या उष्णतेत आणि दाबात घडलेलं, वर आल्यावर त्याला पाणी सोसत नाही. पाणी खनिजात शिरतं, त्यातलं फेरस लोखंड पाण्याचा ऑक्सिजन घेऊन फेरिक होतं, म्हणजे एक प्रकारे गंजतं, त्याचं मॅग्नेटाइट हे काळं चुंबकी खनिज बनतं, हायड्रोजन सुटतो, आणि ऑलिव्हिनचं सर्पेंटाइन होतं. ते जास्त जागा खातं, त्यामुळे दगड फुगून स्वतःच तडकतो आणि नव्या भेगांतून पाणी अजून आत जातं. खोल गेलेल्या पाण्यात कॅल्शियम साठतं, पीएच 11 च्या वर जातो, म्हणजे पाणी तीव्र अल्कधर्मी होतं, आणि ते झऱ्यातून बाहेर आलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून त्यावर चुनखडीची पातळ पांढरी साय धरते. बोट लावलं की काचेसारखी तुटते.

रत्नवाले बुधाचं उपरत्न म्हणून जो पेरिडॉट अंगठीत घालायला देतात ना, तो हाच ऑलिव्हिन. चार दिवस त्याच्यावर झोपून आमचा बुध बलवान व्हायला हवा होता, पण तिसऱ्या दिवशी आम्ही चुकीच्या वादीत, म्हणजे कोरड्या नदीच्या घळीत, शिरून दोन तास वाया घालवलेच.

याच दगडात कार्बन जिरवून जग वाचणार अशाही बातम्या येतात. प्रयोग खरे आहेत, ओमानमध्ये चालूही आहेत, पण हे डोंगर आपसूक जिरवतात ते वर्षाला फार तर लाखभर टन, आणि आपण सगळं जग मिळून सोडतो सुमारे 3,700 कोटी टन.

कोणी जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीतच जा, आणि निळंशार डबकं दिसलं म्हणून गडावरच्या टाक्यासारखी बाटली बुडवू नका, ते पाणी हाताला साबणासारखं लागतं.