वास नाही म्हणजे धोका नाही? बंद टाकीबद्दलचा जीवघेणा गैरसमज

जहाजावर पिढ्यान्‌पिढ्या एक समजूत चालत आली आहे: बंद जागेत वास येत नसेल, तर आत उतरायला हरकत नाही. आणि हवा खराब असलीच, तर जीव घुसमटेल, तेवढ्यात बाहेर पडता येईल.

दोन्ही चूक. साधा गंज हवेतला ऑक्सिजन शोषून घेतो, आणि अशा ऑक्सिजन कमी झालेल्या हवेला ना वास ना रंग. शिवाय घुसमट जाणवते ती मुख्यतः शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. ऑक्सिजन कमी असला तरी उच्छ्वासातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतच राहतो, त्यामुळे शरीर इशाराच देत नाही. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. तो फारच खाली गेला, तर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो.

सप्टेंबर २००७ मध्ये उत्तर समुद्रात ‘व्हायकिंग आयले’ जहाजावर नांगराची साखळी वाजत होती. ती बांधायला एक खलाशी चेन लॉकरमध्ये, म्हणजे साखळी ठेवायच्या बंद जागेत, उतरला आणि कोसळला. त्याला काढायला दुसरा गेला, मग तिसरा. तिघेही दगावले. साखळीच्या गंजाने तिथला ऑक्सिजन संपवला होता. हे जहाज इतरांच्या बचावासाठीच तैनात होतं, हे वाचून आजही पोटात कालवतं.

तिसऱ्याने सुटकेसाठीचं श्वसन उपकरण घातलं होतं. पण ते धुरातून बाहेर पळण्यासाठी असतं, आत शिरण्यासाठी नव्हे.

म्हणून आधी वारा खेळवा, ऑक्सिजन मोजणाऱ्या मीटरने वरची, मधली, खालची हवा तपासा, आत शिरण्याचा परवाना भरा. सोबती कोसळला, तर आधी अलार्म द्या. मागोमाग उडी मारू नका.