देवमाशासमोर उभ्या माणसाला सांगायचं कसं?

बडोद्यात पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की कमाटीबागेची फेरी ठरलेलीच. म्युझियममध्ये शिरल्याबरोबर मुलं धावतात ती ममीकडे, नाहीतर देवमाशाच्या सांगाड्याकडे. १९४४ मध्ये वादळात महीच्या मुखात येऊन अडकलेल्या निळ्या देवमाशाचा हा सांगाडा ७० फुटांच्या आसपास आहे. समुद्रातलं एवढं मोठं जनावर नदीत आलं कसं, हे त्याच घटकेला सांगणारं कोणी जवळ असलं तर मूल तिथून हलत नाही. नसलं तर "केवढा मोठा!" म्हणतं आणि पुढच्या दालनात पळतं. क्यूआर कोड, ॲप, प्रेक्षक कुठे उभा आहे ते कळवणारे बीकन अशी जी नवी साधनं आज संग्रहालयांत येत आहेत, त्यामागची धडपड एवढ्याचसाठी आहे. आणि ती सत्तर वर्षांहून जुनी आहे.

बडोद्याच्या मातीत हा विचार त्याहून आधी रुजला होता. तिसऱ्या सयाजीराव महाराजांच्या या म्युझियमची इमारत १८९४ मध्ये पुरी झाली. शेजारची पिक्चर गॅलरी १९१४ मध्ये बांधून तयार होती, पण महायुद्ध पेटलं, चित्रं विलायतेतच अडकली आणि गॅलरी उघडायला १९२१ उजाडलं. मधल्या काळात, १९१० मध्ये, महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेडोपाडी जाऊ लागल्या. लोकांनी ज्ञानापाशी यावं एवढ्यावर हे राज्य थांबलं नाही, ज्ञान त्यांच्या दारी पोचवण्याची जबाबदारी त्याने स्वतःवर घेतली. म्युझियमकडेही मी याच नजरेने बघतो.

१९५२ हे साल मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. त्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाने प्रेक्षकांच्या कानाला रेडिओ लावला. दालनाभोवती तारेचं वेटोळं फिरवलेलं, एका जागी टेप चालू, आणि प्रत्येकाच्या हातात छोटा रिसीव्हर. टेप एकच असल्यामुळे सगळ्यांना एका वेळी तेच ऐकू यायचं. म्हणजे सगळा घोळका एकदम एका चित्राकडे बघणार, मग एकदम दुसऱ्याकडे वळणार. थांबायची सोय नाही, मागे जायची नाही. तरीही आवाज पहिल्यांदाच वस्तूपर्यंत पोचला होता.

पुढे कॅसेट आली. ती थांबवता यायची, पण क्रम तिचाच. डिजिटल यंत्रांनी तेही सोडवलं: वस्तूशेजारचा आकडा दाबा आणि हवं ते ऐका. क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानमधल्या डेन्सो वेव्हने काढला तो मोटारीच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला. संग्रहालयाच्या पाटीवर तो पुष्कळ उशिरा आला, लोकांच्या खिशात कॅमेऱ्याचा फोन आल्यावर.

या सगळ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियम या विज्ञान-संग्रहालयाचा अनुभव मी सर्वांना आवर्जून सांगतो. तिथे प्रयोग हाताने करून बघायचे असतात. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी प्रेक्षकांना हातात धरायचे छोटे संगणक देऊन पाहिले, तर हात अडकले आणि डोळे पडद्यावर खिळले. मग त्यांनी विचारच बदलला. प्रेक्षकाला आरएफआयडीचं, म्हणजे जवळ नेलं की रेडिओलहरींनी ओळख पटवणारं, कार्ड द्यायचं, आवडलेल्या प्रयोगापाशी ते टेकवायचं, आणि माहिती घरी जाऊन निवांत वेबवर बघायची. न्यूयॉर्कच्या कूपर ह्यूइट या डिझाइनच्या संग्रहालयाने २०१५ मध्ये हीच वाट धरून प्रेक्षकांना एक जाडसर पेन दिलं. पाटीवरच्या खुणेवर पेन दाबलं की ती वस्तू तिकिटाच्या नावे जमा. हे जमलं, कारण संग्रहातल्या वस्तूंच्या नोंदी त्यांनी आधीच वेबवर आणल्या होत्या. पेन शेवटी आलं, नोंदवही आधी.

ब्रुकलिन म्युझियमची गोष्ट तर मला सगळ्यांत जास्त भावते. त्यांनीही २०१५ मध्येच एक ॲप काढलं. प्रेक्षकाने फोनवर प्रश्न टाकायचा, आणि उत्तर द्यायला पलीकडे कलेचा अभ्यास असलेली खरी माणसं बसलेली. भिंतीवरचे बीकन, म्हणजे ब्लूटूथचे छोटे प्रक्षेपक, एवढंच कळवायचे की विचारणारा कुठल्या दालनात, कशाच्या जवळपास उभा आहे. बीकनला मर्यादा आहेत: बॅटरी संपते, गर्दीत माणसांची शरीरं लहरी अडवतात. पण यंत्राने जागा सांगावी आणि बोलावं माणसाने, ही वाटणी मला पटते.

आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने संग्रहालयांसाठी 'जतन' नावाची संगणकप्रणाली तयार केली. वस्तूचा फोटो, दाखलनंबर, माध्यम, काळ अशी एकेक नोंद त्यात होते. बाहेरून बघणाऱ्याला हे काम रुक्ष वाटेल, पण उद्या पाटीवरचा कोड स्कॅन केल्यावर फोनवर जे उघडणार ते या नोंदीतूनच.

प्रेक्षकाला न दिसणारी एक बाजूही आहे. दालनातली आर्द्रता मोजायला पूर्वी केसाचं यंत्र असे. माणसाचा केस दमट हवेत किंचित लांबतो, त्या हालचालीने फिरत्या नळकांड्यावरच्या कागदावर शाईची रेघ उमटते आणि आठवड्याला कागद बदलतात. आता तेच काम बिनतारी सेन्सर करतो आणि हवा बिघडली की तिथल्या तिथे फोनवर इशारा धाडतो. बडोद्याच्या पावसाळ्यात लघुचित्रांसाठी आणि ममीच्या पेटीसाठी याची किंमत मोठी आहे.

बडोद्यापुरतं बोलायचं तर या कामाची सुरुवात शहरातल्याच अकोटा भागातल्या जैन धातुमूर्तींपासून करावी. त्या इथल्याच जमिनीत सापडल्या आणि जैन कलेचे अभ्यासक उमाकांत शहा यांनी त्यांचा अभ्यास जगापुढे मांडला. एकेका मूर्तीवर दीड मिनिटाचा मजकूर गुजराती, हिंदी, मराठीत लिहायचा, विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून वाचून घ्यायचा आणि मूर्तीसमोर शाळकरी मुलांना ऐकवायचा. ती कुठल्या वाक्याला चुळबुळ करू लागतात ते टिपून मजकूर पुन्हा लिहायचा. कोड चिकटवायला त्यानंतर एक दुपार पुरे.