सेगावा विकार (बालवयातील निदान)

मुलांच्या हालचालींवर परिणाम करणारा दुर्मीळ आनुवंशिक विकार. जपानी बालमेंदूतज्ज्ञ मासाया सेगावा यांनी १९७० च्या दशकात त्याचे वर्णन केले. जीसीएच-१ या जनुकाशी त्याचा संबंध १९९४ मध्ये उघड झाला. या जनुकातील दोषाने मेंदूत डोपामिन हे हालचालींसाठी लागणारे रसायन पुरेसे बनत नाही. पेशी मात्र शाबूत असतात, त्यामुळे एमआरआयमध्ये काही सापडत नाही.

सुरुवात बहुधा सहाव्या वर्षाच्या आसपास, एका पायापासून होते. मुलींमध्ये प्रमाण जास्त. सकाळी शाळेत धावणारी मुलगी संध्याकाळी आरतीला देवळाच्या पायऱ्या चढताना पाऊल आत वळवते, टाच टेकत नाही, आईचा पदर धरून उभी राहते. रात्रभर झोपली की पुन्हा चालू लागते. तिन्हीसांजेला बिघडते म्हणून घरची माणसे आधी दृष्ट काढतात. त्यांचे निरीक्षण अचूकच असते. अडचण पुढे येते. ओपीडी सकाळची, आणि तेव्हा मूल बरेच बरे दिसते. म्हणून गोव्यातील सत्तरी-पेडण्याहून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात जाणाऱ्या पालकांनी सकाळ-संध्याकाळच्या चालीचे व्हिडिओ मोबाइलवर जरूर न्यावेत. निम्मे निदान त्यातच असते.

हे सांगितले गेले नाही तर ‘सेरेब्रल पाल्सी’चा (लहानपणीच मेंदूला झालेल्या इजेतून येणाऱ्या अपंगत्वाचा) शिक्का बसतो आणि वर्षे नुसत्या मालिशीत व व्यायामात जातात. जन्मावेळी काही अडचण नसताना पाय ताठरत असतील, तर मेंदूत डोपामिनची भर घालणारे लेव्होडोपा-कार्बिडोपा हे औषध अल्प मात्रेत देऊन पाहणे आवश्यक ठरते. अनेकदा काही दिवसांतच टाच जमिनीला लागते. पार्किन्सनमध्ये या औषधाचा गुण वर्षांगणिक ओसरतो, तसा येथे ओसरत नाही. तरीही गुण आला एवढ्यावर थांबू नये, कारण बालवयातील पार्किन्सनमध्येही तो येतो. शरीरात तांबे साठणारा विल्सन आजार वगळण्यासाठी रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन हे तांबे वाहणारे प्रथिन तपासतात. सेगावा विकारात पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात निओप्टेरिन व बायोप्टेरिन ही या जनुकाच्या कामाशी निगडित द्रव्ये कमी आढळतात. जनुकाचा तुकडाच गळालेला असेल, तर नेहमीच्या जनुकचाचणीत तो निसटतो. नवजात बालकाच्या टाचेतील रक्ताची चाचणीही या विकारात सहसा निर्दोष येते.

सदोष जनुक आई किंवा वडील, एकाकडूनच आले तरी पुरते. पण ज्याच्याकडे ते आहे त्या प्रत्येकात लक्षणे दिसतात असे नाही. त्यामुळे घरातल्या सगळ्यांची चौकशी करावी लागते. आजीने वात म्हणून वर्षानुवर्षे सोसलेला वाकडा पाय कधी याच चौकशीत कळतो, आणि त्या वयातही तिला ही गोळी लागू पडू शकते.