‘क्षमा करा आणि विसरून जा’ हे वचन बायबलमध्ये नाही

भावाभावांत शेतीवरून बिनसलं, सासर-माहेरात बोलणं तुटलं, की मंडळीत कोणीतरी हमखास म्हणतं, ‘बायबलच सांगतं, क्षमा करा आणि विसरून जा.’ दुखावलेलं माणूस मग मान खाली घालतं. आठवण जात नाही, म्हणून आपलाच विश्वास कमी, असं त्याला वाटतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण असं वचन बायबलमध्ये कुठेही नाही.

घोटाळा बहुधा बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकातल्या 31:34 या वचनावरून होतो. तिथे लोकांचं पाप मी यापुढे स्मरणार नाही, असं देव स्वतःबद्दल म्हणतो. माणसाला विसरण्याची आज्ञा तिथे नाही.

बायबलमधल्या योसेफाचंच बघा. भावांनी त्याला चांदीच्या 20 तुकड्यांना विकलं होतं. पुढे तो मिसरात (इजिप्तमध्ये) मोठा अधिकारी झाला आणि ते धान्यासाठी त्याच्यासमोर आले, तेव्हा त्याने लगेच ओळख दिली नाही. आधी पारखलं. चोरीच्या आळामुळे धाकट्या भावावर, बन्यामिनावर, गुलाम होण्याची वेळ आली, तेव्हा त्याच्या जागी ‘मला गुलाम ठेवा’ म्हणून दुसरा भाऊ यहूदा पुढे आला. विकण्याची कल्पना याच यहूदाची होती! तेव्हा योसेफाला हुंदका आवरेना. आणि त्याचे शब्द? ‘मी तुमचा भाऊ योसेफ, ज्याला तुम्ही विकलं.’ घडलेलं त्याने स्पष्ट उच्चारलं, मग गळ्यात पडून रडला.

क्षमा एकट्याने करता येते, समेटाला दोघं लागतात. म्हणूनच प्रेषित पौल रोममधल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहितो (रोमकरांस 12:18): शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सर्वांशी शांतीने राहा. मारहाण होत असलेल्या घरात परत जा, असा याचा अर्थ मुळीच नाही.