खोल समुद्रातल्या सूक्ष्म जिवांवर पीएचडी: खान्देशातल्या मुलांचे अर्ज कुठे अडतात

मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर तळावर धातूंचे गोटे शोधण्याचा करार भारताने २००२ साली केला. हे गोटे उपसले तर गाळातल्या बारीक जिवांचं काय होईल, या अभ्यासासाठी गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था हे मोठं ठिकाण. तिथल्या पीएचडीची पदवी एसीएसआयआर ही विज्ञान संशोधनाची अकादमी देते, तिचा अर्ज ऑनलाइन भरतात. फोटो, सही, गुणपत्रकं यात कुणी अडकत नाही.

अडतं ते फेलोशिपवर, म्हणजे संशोधनासाठी दरमहा मिळणाऱ्या पैशावर. नेट परीक्षेत सहायक प्राध्यापकपदापुरतं पात्र ठरल्याचं पत्र म्हणजे फेलोशिप नव्हे. नेटमधूनच मिळणारी जेआरएफ किंवा केंद्राची इन्स्पायर यांसारखी फेलोशिप लागते. दुसरी चूक तारखेची. ऑगस्टचं सत्र म्हणजे पीएचडी ऑगस्टमध्ये सुरू होते. अर्जाची मुदत कितीतरी आधी संपलेली असते.

सगळ्यात जास्त मुलं रडतात ती ओबीसी दाखल्यापायी. घरात राज्याचा नॉन-क्रिमीलेअर असतो, तीन वर्षं चालणारा. इथे तो चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला, चालू आर्थिक वर्षातला, म्हणजे १ एप्रिलनंतरचा दाखला काढा. आधी आपली जात केंद्राच्या यादीत आहे का, तेही बघा. दोन्ही याद्या सारख्या नाहीत. गेल्या वर्षी चोपड्याकडची एक मुलगी फेब्रुवारीतला दाखला घेऊन आली. प्लास्टिकच्या पिशवीत घडीसुद्धा न पडू देता जपलेला, आणि निरुपयोगी. नवा काढायला गेली तर खिडकीवरून उत्तर, "आहे ना तुमच्याकडे!" दाखले देणाऱ्यांनो, पोरांना असं परत पाठवू नका हो, त्यांचं वर्ष जातं. आणखी एक: केळीचं उत्पन्न आठ लाखांच्या मर्यादेवर गेलं म्हणून घाबरू नका. केंद्राच्या नियमात उत्पन्नाच्या कसोटीत शेतीचं उत्पन्न आणि पगार धरत नाहीत. बागायत जमिनीची मर्यादा मात्र वेगळी तपासतात.

मुलाखतीत देवमासे, कासवं सांगत बसू नका. केळीच्या मुळांना गाठी आणणारे सूत्रकृमी रावेर-यावलला घरोघरी ठाऊक आहेत. त्यांचेच भाऊबंद समुद्रतळाच्या गाळात असतात, ३२ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीवर अडकणारे. त्यातले बहुतेक वरच्या काही सेंटिमीटरांत राहतात, आणि गोटे उपसणारं यंत्र नेमका तोच थर खरवडतं. प्रशांत महासागरात १९७८ साली यंत्र फिरलेल्या पट्ट्यात २६ वर्षांनंतरही सूत्रकृमी आजूबाजूपेक्षा कमीच सापडले. आपल्याकडे १९९७ मध्ये मध्य हिंदी महासागरात तळ मुद्दाम ढवळून प्रयोग झाला, तोही वाचून जा.